नाताळचा शिधा वेळेवर घरी पोहोचावा म्हणून: कोल्हापुरातील मंडळ्यांच्या नव्या कार्यकर्त्यांसाठी

नाताळात गरजू कुटुंबांना शिधा किंवा जेवण देण्याचे काम मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चच्या सभासदांच्या समूहात, नव्याने हाती घेणाऱ्याने सर्वांत आधी कॅलेंडर समोर ठेवावे. २५ डिसेंबरला दुपारी बारा वाजता दारात आलेली पिशवी त्या घराच्या सणाला उपयोगी पडत नाही, कारण करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या आणि लाडू त्याआधी चार-पाच दिवसांत तळून, वळून डब्यांत भरायचे असतात आणि २५ तारखेला सकाळची उपासना सुटल्यापासून पाहुण्यांची ये-जा सुरू होते. म्हणून या लेखातल्या सगळ्या पायऱ्या, फराळाचा शिधा १८ डिसेंबरच्या रात्रीपर्यंत घराघरात पोहोचलाच पाहिजे, या एका अटीवरून मागे मोजत मांडल्या आहेत.

कोल्हापुरात अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर १८५२ साली आले आणि त्यांच्या मिशनपासून इथल्या ख्रिस्ती समाजाच्या शाळा, दवाखाने आणि सेवाकार्याची सुरुवात झाली. वायल्डर मेमोरिअल चर्च आजही त्यांचेच नाव सांगते. गरजूंना मदत करण्याची इच्छा इथल्या मंडळ्यांत नव्याने रुजवावी लागत नाही. अडचण येते ती नियोजनाची, आणि हा लेख त्यासाठीच आहे.

पहिली पायरी: ऑक्टोबरमध्ये समिती आणि हिशोबाची वही

समिती लहान असावी. पाळकसाहेब, मंडळीचे एखादे वडील (म्हणजे चर्चच्या कारभारातील ज्येष्ठ सभासद), महिला मंडळातील दोघी, तरुण संघातील दोघे आणि हिशोब चोख ठेवणारी एक व्यक्ती एवढी माणसे पुरतात. पहिल्याच बैठकीत किती कुटुंबांना द्यायचे यावर चर्चा सुरू होते आणि उत्साहाच्या भरात आकडा वाढत जातो. त्याऐवजी एका कुटुंबाच्या पूर्ण शिध्याचा खर्च बाजारभावाने काढावा, खात्रीने जमेल अशा रकमेला त्याने भागावे आणि येईल तो आकडा स्वीकारावा. पन्नास घरांना अपुरा शिधा देण्यापेक्षा तीस घरांना पुरेसा दिलेला मला अधिक योग्य वाटतो, आणि त्याचे कारण तिसऱ्या पायरीत येईल.

जमा होणारा पैसा कोणाच्याही वैयक्तिक खात्यावर घेऊ नये. मंडळीच्या विश्वस्त संस्थेच्या खात्यावर तो घ्यावा, प्रत्येक देणगीची पावती फाडावी आणि या कामासाठी स्वतंत्र वही घालावी, कारण महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या संस्थेला हा हिशोब पुढे लेखापरीक्षणात दाखवावाच लागतो. संस्थेला करसवलतीची मान्यता असली, तरी २००० रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीवर प्राप्तिकरात वजावट मिळत नाही, हे देणगीदारांना आधीच सांगून ठेवावे, म्हणजे मोठी रक्कम देणारे धनादेशाने किंवा ऑनलाइन देतील.

दुसरी पायरी: नोव्हेंबरमध्ये यादी

यादी करण्याची घाईची पद्धत म्हणजे रविवारी उपासनेनंतर व्यासपीठावरून "ज्यांना मदत हवी असेल त्यांनी नावे द्यावीत" असे जाहीर करणे. ही पद्धत वापरू नये. ज्यांना खरोखर गरज असते ती माणसे भर मंडळीत उठून नाव देत नाहीत, आणि एकदा ती मागे राहिली की पुढे कोणी त्यांच्याकडे जात नाही. यादी माहितीच्या माणसांकडून, एकेकाशी बोलून तयार होते. महिला मंडळातील ज्येष्ठ भगिनींना कोणत्या घरात आजारपण आहे, कोणाच्या मुलाचे फौंड्रीतले काम सुटले आहे आणि कोणी गेले दोन महिने उपासनेला येणे का टाळले आहे, हे ठाऊक असते. संडे स्कूलच्या शिक्षिकांना मुलांच्या बोलण्यातून बरेच समजते. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत कंत्राटी काम करणारे, धुणीभांडी करून एकटीने संसार चालवणाऱ्या बायका, मुले परगावी असलेले वृद्ध, आणि ज्या घरात याच वर्षी कोणी गेले आहे अशी कुटुंबे, या सर्वांचा विचार करावा.

मंडळीबाहेरची कुटुंबेही यादीत असावीत, आणि ती कोणत्या धर्माची किंवा जातीची आहेत याची नोंद वहीत करण्याचे कारण नाही. चर्चच्या आसपासच्या गल्लीतील किराणा दुकानदार, आशा सेविका आणि अंगणवाडी ताई यांच्याकडून अशी नावे मिळतात.

नाव आल्यानंतर समितीतील एकच व्यक्ती, शक्यतो ओळखीची, सहज भेट म्हणून त्या घरी जाऊन येते. या भेटीत चार गोष्टी समजून घ्यायच्या: घरात खाणारी माणसे किती, मधुमेहासारखे पथ्य कोणाला आहे का, शिधापत्रिकेवर धान्य मिळते का, आणि गॅस आहे का. तिसरा प्रश्न खरेदीच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला दरमहा माणशी ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला दरमहा ३५ किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. ज्या घरात हे धान्य येते तिथे पुन्हा दहा किलो गहू-तांदूळ नेऊन टाकण्यात अर्थ नाही. तिथे तेल, साखर, डाळ आणि फराळाचे सामान लागते. ज्यांची शिधापत्रिका नाही किंवा दुसऱ्या जिल्ह्यातील आहे, त्यांच्यासाठी मात्र धान्यच आधी.

शहरातील इतर मंडळ्यांच्या समित्यांशी या टप्प्यावर बोलून घ्यावे. २०१९ च्या महापुरात रस्त्यालगतच्या गावांत तीच ती मदत पुन्हा पुन्हा आली आणि आतल्या वस्त्यांपर्यंत ती उशिरा गेली, हे जिल्ह्यातील अनेकांनी पाहिले आहे. नावे उघड न करता, केवळ कोणती गल्ली किंवा वसाहत कोणी घ्यायची एवढे ठरवले तरी ही पुनरावृत्ती टळते.

तिसरी पायरी: शिध्यात काय आणि किती

या कामाचा गाभा इथे आहे, म्हणून यावर सर्वांत जास्त वेळ द्यावा.

कोल्हापुरातील ख्रिस्ती घरे बहुधा मिश्र वस्तीत आहेत. दिवाळीत शेजारच्या घरांतून फराळाची ताटे येतात आणि नाताळात या घरातून त्या घरांत ताटे जातात. एका विधवा मावशींच्या घरी डिसेंबरच्या सुरुवातीला गेलो असताना, काय हवे आहे असे विचारल्यावर त्यांनी स्वतःच्या जेवणाविषयी एक शब्द काढला नाही. मांडणीवर एकावर एक रचून ठेवलेल्या स्टीलच्या पाच ताटल्यांकडे हात करून त्या म्हणाल्या, "दिवाळीला पाच घरांतनं ताटं आली बघा. एक पण रिकामी परत देता येत नाही." ताटल्या घासून पुसून ठेवलेल्या होत्या आणि प्रत्येकीच्या कडेवर मालकिणीचे नाव कोरलेले होते. त्या घरासाठी नाताळ म्हणजे आधी ती पाच ताटे, मग स्वतःचे जेवण. शिधा पोटापुरता मोजून दिला, तर असे घर एक तर शेजाऱ्यांपुढे खाली मान घालते किंवा मुलांच्या तोंडचा फराळ ताटांत भरते. म्हणून पहिल्या पायरीत म्हटले की घरे कमी चालतील, पण शिधा पुरेसा हवा.

पाच माणसांच्या घराला, शेजारची ताटे धरून, पुढील प्रमाण पुरते असा माझा अनुभव आहे: मैदा दोन किलो, रवा एक किलो, चकलीची भाजणी एक किलो, बेसन एक किलो, साखर तीन किलो, गूळ एक किलो, पातळ पोहे एक किलो, शेंगदाणे एक किलो, डाळवे आणि सुके खोबरे अर्धा-अर्धा किलो, तेल तीन लिटर, वनस्पती तूप अर्धा किलो, आणि वेलदोडे, तीळ, मीठ, हळद अशा बारीकसारीक वस्तू. सरकारने २०२२ च्या दिवाळीत १०० रुपयांत दिलेल्या 'आनंदाचा शिधा' संचात रवा, साखर, हरभरा डाळ प्रत्येकी एक किलो आणि एक लिटर पामतेल होते. त्याच्याशी तुलना केली की फरक कुठे पडतो ते लक्षात येते. तळणाला तेल लागते, आणि नव्या समित्या नेमकी तेलातच काटकसर करतात.

नाताळच्या दिवशीच्या जेवणासाठी दोन किलो चांगला तांदूळ, पाव किलो कांदा-लसूण चटणी आणि कांदे-बटाटे द्यावेत. परवडत असेल तर आजऱ्याचा घनसाळ तांदूळ घ्यावा. सणाच्या दिवशी त्याचा वास घरभर दरवळतो. कोल्हापुरात नाताळचे जेवण मटणाशिवाय पुरे होत नाही, आणि मटण आधी देऊन ठेवता येत नाही. यासाठी जवळच्या मटण दुकानदाराला आगाऊ पैसे देऊन चिठ्ठ्या छापून घ्याव्यात. चिठ्ठीवर वजन आणि तारीख असावी. रुपये, कुटुंबाचे नाव आणि चर्चचा शिक्का यांपैकी काहीही नसावे, म्हणजे रांगेत उभ्या असलेल्या माणसाला ती नेहमीची आगाऊ मागणी वाटते. २४ तारखेची संध्याकाळ आणि २५ ची पहाट या दोन्ही वेळा दुकानदाराशी ठरवून घ्याव्यात. जे घर मांसाहार करत नाही तिथे तेवढ्याच किमतीचे पनीर, सुका मेवा किंवा तूप जावे. मंडळीबाहेरच्या कुटुंबांच्या बाबतीत मार्गशीर्षाचे भान ठेवावे. हा महिना पुष्कळदा डिसेंबरातच येतो आणि कित्येक घरांत त्यातले गुरुवार कडक पाळले जातात.

गॅसविषयीच्या प्रश्नाचे उत्तर इथे उपयोगी पडते. उज्ज्वला योजनेतून जोडणी मिळालेल्या अनेक घरांत टाकी असते, पण ती भरून आणायला पैसे नसतात, आणि तळण तर गॅस फार खाते. अशा घरी टाकीचे पैसे शिध्याबरोबर द्यावेत.

याहूनही चांगला एक मार्ग आहे. १९ आणि २० डिसेंबरला महिला मंडळाने चर्चच्या सभागृहात मोठी कढई लावून सर्वांचा फराळ एकत्र करावा. ज्यांची परिस्थिती बरी आहे त्या भगिनी सामान आणतात, ज्यांची नाही त्या लाटायला, भरायला, तळायला बसतात, आणि संध्याकाळी प्रत्येक जण सारख्या आकाराचा डबा भरून घरी नेते. कोणी काय आणले होते याची चर्चा होत नाही. जिथे ही पद्धत रुळली आहे तिथे करंजी उत्तम करणाऱ्या, पण हाताशी पैसा नसलेल्या काकूंना त्या दिवशी सगळ्या जणी विचारून-विचारून काम करतात. मला हा या संपूर्ण कामातला सर्वांत चांगला भाग वाटतो आणि प्रत्येक मंडळीने तो एकदा तरी करून पाहावा.

चौथी पायरी: जमवाजमव आणि खरेदी

आगमनकालाचा, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळाचा, पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. त्या दिवसापासून अर्पण आणि वस्तू स्वीकारायला सुरुवात करावी आणि डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी ते बंद करावे. वस्तू स्वीकारताना यादी द्यावी, अन्यथा एकाच प्रकारच्या बिस्किटांचा ढीग जमतो. प्रत्येक कुटुंबप्रमुखाला एकच जिन्नस नेमून द्यावा. मुदत संपत आलेली पाकिटे आणि सुटे तेल नम्रपणे परत करावे.

उरलेली खरेदी लक्ष्मीपुरीच्या धान्यबाजारात घाऊक भावाने करावी. दोन-तीन दुकानांत भाव विचारावेत, कामाचे स्वरूप सांगावे आणि पक्के बिल घ्यावे; बरेच व्यापारी स्वतःहून भाव कमी करतात किंवा पोत्यामागे काही वाढवून देतात, आणि तशी नोंद वहीत करून त्यांना आभाराचे पत्र पाठवावे. डिसेंबरमध्ये गुऱ्हाळे चालू असल्यामुळे शाहू मार्केट यार्डात नवा गूळ असतो. मोठी ढेप आणून सभागृहात फोडत बसण्यापेक्षा एक-एक किलोचे नग घेतलेले सोयीचे पडते.

पाचवी पायरी: बांधणी

१६ डिसेंबरच्या संध्याकाळी तरुण संघाने सभागृहात ओळीने टेबले लावून बांधणी करावी. कापडी पिशव्या वापराव्यात, सर्व एकसारख्या आणि कसलाही मजकूर न छापलेल्या. पिशवीवर नावाऐवजी क्रमांक घालावा. क्रमांक आणि नाव यांचा ताळमेळ असलेला कागद समितीतील दोघांपाशीच राहावा. पथ्याच्या पिशव्या वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने बांधाव्यात. तेलाची पाकिटे मैद्यापासून दूर, वेगळ्या पिशवीत ठेवावीत.

पिशवीत धर्मपत्रिका, पुस्तिका किंवा सभेचे निमंत्रण घालू नये. आपला विश्वास लपवण्याचा हा सल्ला आहे असे कोणी समजू नये. आपण कोण आहोत आणि नाताळनिमित्त आलो आहोत हे दारात मोकळेपणाने सांगावेच. परंतु अन्नाबरोबर काही अपेक्षा चिकटली आहे अशी शंका त्या कुटुंबाला किंवा त्याच्या शेजाऱ्यांना येऊ नये. अन्न अन्न म्हणूनच दिले जावे, आणि पुढच्या रविवारी ते कुटुंब उपासनेला आले की नाही याची नोंद कोणीही ठेवू नये.

सहावी पायरी: घरोघरी देणे

१७ आणि १८ तारखेला, दिवेलागणीनंतर, दोघा-दोघांनी जावे; एक पुरुष आणि एक स्त्री अशी जोडी असावी. गाडी गल्लीच्या तोंडाशी न थांबवता थोडी पुढे उभी करावी. दारात जोरात हाक मारून "चर्चकडून मदत आणली आहे" असे म्हणू नये. घरात बोलावल्यास बसावे, चहा दिला तर घ्यावा, कारण ज्याला आपण काही देतो त्याच्याकडून काहीच न घेणे हे त्याला उणे लेखण्यासारखे आहे. प्रार्थना करावी का, हे त्या घराने म्हटले तरच. वहीत सही घ्यायची असल्यास क्रमांकापुढे घ्यावी.

छायाचित्रे काढू नयेत, ही सूचना तरुणांना वेगळी बसवून सांगावी लागते. देणगीदारांना पुरावा हवा असेल तर बांधलेल्या पिशव्यांचे आणि खरेदीच्या बिलांचे छायाचित्र पुरेसे आहे. उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये ही मत्तयाच्या शुभवर्तमानातील शिकवण आपण दरवर्षी ऐकतो. मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर एखाद्या आजींचा पिशवी घेतानाचा चेहरा टाकल्यावर तिचे पालन कसे होणार?

नाताळची गीते गात घरोघरी जाणाऱ्या कॅरल पार्टीच्या बाबतीत एक काळजी घ्यावी. कॅरल गाणारे घरी आले की त्यांना चहा-फराळ द्यायचा आणि अर्पणाचे पाकीट हाती ठेवायचे, असा रिवाज आहे, आणि ज्या घरी आपण दोन दिवसांपूर्वी शिधा दिला त्या घरावर तो ओझे होतो. तरीही ते घर वगळू नये. वगळले तर ते अधिक लागते. अर्पणाच्या पाकिटाची प्रथा त्या वर्षापुरती सर्वच घरांसाठी बंद ठेवून पाकिटे चर्चमध्ये स्वीकारावीत, हा सोपा उपाय आहे.

सातवी पायरी: ज्यांच्याकडे चूल नाही त्यांच्यासाठी शिजवलेले जेवण

छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, म्हणजे आपल्या सीपीआरमध्ये, बाहेरगावच्या रुग्णांबरोबर आलेले नातेवाईक, बसस्थानक आणि रेल्वे स्थानकाच्या परिसरात राहणारी माणसे, स्वयंपाक न जमणारे एकटे वृद्ध, यांना कोरडा शिधा देऊन उपयोग नाही. इथे २५ तारखेलाच ताजे, गरम जेवण द्यावे. रुग्णालयाच्या आवारात वाटायचे असल्यास प्रशासनाची लेखी परवानगी पंधरा दिवस आधी मागावी. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ मध्ये अन्नव्यवसायाची व्याख्या नफ्यासाठी नसलेल्या उपक्रमांनाही लागू होते, त्यामुळे नोंदणी असलेल्या आचाऱ्याकडूनच स्वयंपाक करून घेणे श्रेयस्कर.

बेत साधा ठेवावा: मसालेभात, बटाट्याची सुकी भाजी, पुऱ्या आणि रव्याचा शिरा. शंभर माणसांच्या मसालेभाताला दहा ते बारा किलो तांदूळ पुरतो. पांढरा रस्सा कितीही आवडता असला तरी नारळाच्या दुधामुळे तो लवकर आंबतो, म्हणून वाटपासाठी तो करू नये. अन्न वाढेपर्यंत ६० अंश सेल्सिअसच्या वर गरम राहील अशा झाकणाच्या भांड्यांत ते न्यावे आणि स्वयंपाक उतरल्यापासून दोन तासांच्या आत वाढून संपवावे. उरलेले संध्याकाळसाठी ठेवू नये. राज्यात २०१८ पासून थर्माकोल आणि प्लॅस्टिकच्या ताटांवर बंदी आहे, तेव्हा पत्रावळी आणि द्रोण घ्यावेत.

ऊसतोड मजुरांच्या टोळ्यांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. गाळप हंगामात बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून आलेली ही कुटुंबे कारखान्यांच्या परिसरात आणि फडांच्या कडेला कोप्या घालून राहतात. पहाटे अंधारात फडात जातात आणि दिवस मावळल्यावर परततात, म्हणून दुपारी जेवण घेऊन गेल्यास तिथे फक्त लहान मुले आणि एखादी म्हातारी भेटते. आधी मुकादमाशी बोलून संध्याकाळची वेळ ठरवावी. त्यांच्याकडे चूल असते आणि भाकरी ती माणसे स्वतःच्या हाताची खातात, त्यामुळे बाजरी, तेल, शेंगदाणे, गूळ, चटणी असा शिधा आणि त्या रात्रीपुरता काही गोड पदार्थ द्यावा. डिसेंबरमध्ये उघड्या रानात थंडी चांगलीच असते. मुलांसाठी स्वेटर आणि कानटोप्या नेल्यास त्या लगेच अंगावर चढतात.

आठवी पायरी: जानेवारी

जानेवारीच्या पहिल्या किंवा दुसऱ्या रविवारी जमाखर्च मंडळीपुढे वाचून दाखवावा: जमा किती, खर्च किती, कुटुंबे किती, शिल्लक किती. नावे वाचू नयेत. शिल्लक राहिलीच, तर ती कशासाठी वापरायची हे समितीने ठरवून कार्यवृत्तात लिहावे.

त्यानंतर वही पुन्हा उघडून प्रत्येक क्रमांकापुढे दोन ओळी लिहाव्यात. कोणत्या घरी काय कमी पडले, कोणाची शिधापत्रिका नाही, कोणत्या विधवा भगिनीने संजय गांधी निराधार योजनेसाठी किंवा कोणत्या वृद्धाने श्रावणबाळ योजनेसाठी अद्याप अर्जच केलेला नाही, हे नाताळच्या भेटींत समजलेले असते. ज्यांना अर्ज करायचे आहेत त्यांची कागदपत्रे जमवून त्यांच्याबरोबर तहसील कार्यालयात जाण्यासाठी समितीतील एकेका व्यक्तीकडे एकेक कुटुंब सोपवावे, आणि त्या कामाची तारीख फेब्रुवारीच्या बैठकीत विचारली जाईल अशी नोंद करून वही पाळकसाहेबांकडे द्यावी.